यकृताचा ऊतकमृत्यू : कारणे, निदान व उपचार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म खडू-फळ्यापाशी घालविलेले शाळामास्तर आहो. परंतु जे जाणत्यांकडून समजून घेता आले ते सोप्या शब्दांत दुसऱ्यापुढे ठेवणे हा शिक्षकाचा धर्मच होय, आणि सेवानिवृत्तीने तो संपतो असे आम्ही मानीत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील तीन घरांत यकृताच्या विकाराने मृत्यू आले. तिन्ही माणसे पन्नाशीच्या आतली होती. म्हणून हाच विषय निवडला.

आपल्या बोलण्यात ‘काळीज’ हा शब्द वारंवार येतो. काळजाचा तुकडा, काळजाला घरे पडणे, काळीज फाटणे, या सर्व ठिकाणी आपल्या मनात हृदय असते. मात्र मांसविक्रेता ‘कलेजी’ म्हणून जे देतो ते हृदय नसून यकृत असते. आपण त्याला फारसे ओळखत नाही. हृदय धडधडते म्हणून ते जाणवते. यकृत उजव्या बाजूस बरगड्यांच्या आड निमूटपणे काम करीत असते, आणि बरेच बिघडेपर्यंत तक्रार करीत नाही. या मौनातच धोका आहे.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. त्यात दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त येते. त्यापैकी तीनचतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रवेशिका नीलेने येते, उरलेले रोहिणीने. म्हणजे आपण जे खातो, पितो अथवा औषध म्हणून गिळतो, ते अन्नमार्गातून शोषले गेले की बहुतांशी प्रथम या जकातनाक्यावरून जाते. येथे साखर साठविली जाते, पित्त तयार होते, रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण होतात, विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर होते आणि औषधांची व विषांची विल्हेवाट लागते. जकातनाक्यावर पहिला मार कोणाला बसतो हे सांगावयास नको.

यकृत हे सूक्ष्म खंडिकांचे बनलेले असते. प्रत्येक खंडिकेच्या कडेने रक्त आत येते आणि मधल्या नीलेतून बाहेर पडते. कडेच्या पेशींना प्राणवायू भरपूर मिळतो. मध्याजवळच्या पेशींना उरलासुरला मिळतो. औषधांचे रूपांतर करणारी एंझाइमे मात्र मध्याजवळच्याच पेशींत अधिक असतात. म्हणून प्राणवायू कमी पडला किंवा काही विषे आली, की पहिला नाश मध्यभागी होतो. पेशींचे समूह असे अवेळी मरतात, त्यास ऊतकमृत्यू म्हणतात. पेशी फुटते, तिच्यातील द्रव्ये रक्तात सांडतात आणि भोवती दाह उत्पन्न होतो. नाश थोडा असेल तर उरलेल्या पेशी वाढून जागा भरून काढतात. हे सामर्थ्य शरीरातील फार थोड्या अवयवांस लाभले आहे. नाश अफाट असेल तर मात्र भरून काढावयास पेशी आणि वेळ, दोन्ही उरत नाहीत.

कारणांचा विचार

पहिले कारण विषाणूंचे. यकृतशोथाचे अ आणि इ हे दोन विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. ब आणि क हे रक्तातून, दूषित सुयांतून, शरीरसंबंधातून व मातेकडून बालकास पोहोचतात. यांपैकी ‘इ’ची कथा आपल्या देशाशी निगडित आहे. 1955च्या डिसेंबरात व 1956च्या जानेवारीत दिल्लीस काविळीची मोठी साथ आली. यमुनेचा प्रवाह पालटल्याने नजफगड नाल्याचे सांडपाणी पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत आले होते. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविले, त्यामुळे विषमज्वर व अतिसार वाढले नाहीत; पण विषाणू त्यातूनही निसटला, आणि सुमारे 29,300 लोकांस कावीळ झाली. साठविलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ही साथ ‘इ’ विषाणूची होती हे पुष्कळ वर्षांनी कळले. महाराष्ट्रात 2012 साली इचलकरंजीस याच विषाणूने थैमान घातले व माणसे दगावली. हा रोग बहुतेकांस आपोआप सोडून जातो. परंतु गर्भवती स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर दर शंभरांत वीस-पंचवीस दगावू शकतात. गर्भवतीची कावीळ ही कधीही घरी बघण्याची गोष्ट नव्हे.

दुसरे कारण औषधांचे. ताप आला की पॅरासिटामॉल घेणे आता घरोघरी रूढ झाले आहे. योग्य मात्रेत ते उत्तम औषध आहे. त्याचा अल्पसा भाग यकृतात विषारी द्रव्यात बदलतो, आणि ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्या विषास निष्प्रभ करते. मात्रा अति झाली की ग्लुटाथायोन संपते व विष पेशींवरच उलटते. याने यकृताचा ऊतकमृत्यू होतो हे 1966 साली एडिंबरो येथील डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केले. प्रौढाने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. मद्यपी, कृश, उपाशी अथवा यकृतविकारी माणसाची मर्यादा त्याहून कमी असते. फसगत होते ती अशी : तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल एकच. वेष्टनावरील बारीक अक्षरे घरातील शिकल्यासवरल्या मुलाकडून वाचून घ्यावीत.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे प्राण वाचवितात, पण काही रुग्णांच्या यकृतास बाधतात. याचा अर्थ ती आपल्या मनाने सोडावीत असा नव्हे. भूक मेली, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद झाली, की त्याच दिवशी डॉक्टरांस भेटावे. ते औषधे थांबवितात आणि रक्ततपासणी सुधारल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. झाडपाल्यासही हाच न्याय लागू आहे. ‘निसर्गातले म्हणजे निरुपद्रवी’ हा समज खरा नव्हे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले काही रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली. त्या वादात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की जे पोटात गेले ते डॉक्टरांस सांगितले पाहिजे, मग ते दवाखान्यातले असो की परसातले.

तिसरे कारण विषांचे. 1974 साली राजस्थान व गुजरातेच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत बुरशी लागलेला मका खाण्यात आला. त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिनने 397 जण आजारी पडले व 106 दगावले. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. ओलसर कोठारातील काळवंडलेला मका अथवा शेंगदाणे ‘निवडून’ खाण्याच्या काटकसरीस आम्ही काटकसर म्हणत नाही. मद्य हे तर प्रतिष्ठित झालेले विष होय. ते वर्षानुवर्षे पेशी मारते, मेलेल्या जागी तंतू माजतात व यकृत गाठाळ होते; यास यकृत् सूत्रण रोग म्हणतात.

विषांतील सर्वांत दारुण म्हणजे उंदीर मारण्याची पिवळ्या फॉस्फरसची लुगदी. ती पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, मग एक-दोन दिवस माणूस अगदी बरा दिसतो, आणि नंतर कावीळ, रक्तस्राव व बेशुद्धी येते. मधल्या बऱ्या दिवसांनी घरचे लोक फसतात.

प्राणवायूचा तुटवडा हे चौथे कारण. मोठा रक्तस्राव, हृदय दुबळे होणे, जंतुदोषाने रक्तदाब उतरणे, उष्माघात, यांत मध्याजवळच्या पेशी उपासमारीने मरतात. याखेरीज डेंगी, शरीरात तांबे साठविणारा विल्सनचा आनुवंशिक रोग, शरीराच्या संरक्षक शक्तीने स्वतःच्याच यकृतावर उलटणे, गर्भारपणातील काही विकार, हीही कारणे आहेत. अमीबामुळे यकृतात होणारे गळू हाही मर्यादित जागेतील ऊतकमृत्यूच होय; त्यावर मेट्रोनिडॅझोल हे औषध गुणकारी आहे, आणि गळू मोठे असेल तर सुईने निचरा करतात.

निदान

कावीळ झाली की आपल्याकडे प्रथम कोणाकडे नेतात? माळ घालणाऱ्याकडे, नाकात देवडांगरी सोडणाऱ्याकडे, किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरविणाऱ्या’कडे. कोठे कोठे तापलेल्या सळईचे डागही देतात. काही झाडांच्या सालींचा रस व चुना एकत्र आला की पाणी पिवळे होतेच. त्यास निरोगी माणसाचे हातही पुरतात. ओल्या काड्यांची माळ वाळली की काड्या आक्रसतात, गाठी सैल होतात, आणि माळ लांबते. मग लोकांस गुण का येतो? कारण ‘अ’ व ‘इ’ विषाणूंची कावीळ बहुधा आपल्या पायाने येते व आपल्या पायाने जाते. श्रेय माळेस मिळते. परंतु शंभरांतील जो एखादा बरा होणारा नसतो, त्याचे मोलाचे चार दिवस या फेऱ्यांत जातात. माळ कोणाचे यकृत मारीत नाही हे आम्हांस मान्य आहे. ती वेळ मारते.

डॉक्टर प्रथम विचारपूस करतात, मग रक्त तपासतात. पेशी फुटल्या म्हणजे त्यांतील एंझाइमे रक्तात येतात. एस.जी.पी.टी. हे त्यांपैकी एक. निरोगी माणसात ते साधारणतः 40 एककांच्या आत असते. तीव्र ऊतकमृत्यूत हजारांत जाते. बिलिरुबिन वाढले की डोळे व लघवी पिवळी होते. रक्त गोठावयास किती वेळ लागतो ही तपासणी तर फार महत्त्वाची. तिचे आय.एन.आर. हे माप निरोगी माणसात 1च्या आसपास असते. ते 1.5 वा त्याहून अधिक झाले आणि सोबत शुद्धीत फरक पडला, तर पूर्वी निरोगी असलेल्या माणसात त्यास तीव्र यकृत-निकामी अवस्था समजतात. याखेरीज विषाणूंच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी व रक्तातील अमोनियाचे मापन करतात. यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, पण रक्त गोठत नसता ते धोक्याचे असल्याने गरजेपुरतेच करतात.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. एस.जी.पी.टी. तीन हजारांवरून तीनशेंवर आले की घरचे लोक पेढे वाटावयास निघतात. सोबत बिलिरुबिन व आय.एन.आर. उतरत असतील तर तो आनंद रास्त आहे. परंतु ते चढत असतील, तर एंझाइमे कमी झाली याचा अर्थ फुटावयास पेशीच उरल्या नाहीत असा असू शकतो. वर्गात गोंगाट थांबला म्हणजे मुले अभ्यासास लागली असेच नव्हे; कदाचित वर्गच रिकामा झाला असेल.

घरच्या माणसाने ओळखावयाच्या खुणा अशा : रुग्ण दिवसा झोपतो व रात्री जागतो, बोलण्यात विसंगती येते, ओळखीची माणसे चुकतात, हात पुढे धरावयास सांगितले तर पंजे फडफडतात, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते, उलट्या थांबत नाहीत. यांतील एकही खूण दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

लपविण्याचा रोग

निदानातील सर्वांत मोठा अडथळा प्रयोगशाळेत नसून आपल्या घरात आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा बारावीच्या निकालानंतर पोटदुखीने दवाखान्यात दाखल झाला. डॉक्टरांनी काही खाल्ले काय असे तीनदा विचारले. आईबापांनी तिन्ही वेळा नाही म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलगा उठून बसला, चहा प्याला, हसलादेखील. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले, तेव्हा बापाने माळ्यावरची रिकामी नळी आणून दाखविली. सातव्या दिवशी तो गेला. डॉक्टर आम्हांस म्हणाले, “पहिल्या दिवशी कळते तर तो वाचलाच असता असे मी म्हणणार नाही, पण तीन दिवस आधी मोठ्या शहरात पाठविला असता.” त्या आईबापांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पोलिसांची भीती, ज्ञातीत बोलबाला होण्याची भीती, धाकट्या मुलीच्या लग्नाची चिंता, या सर्वांनी मिळून त्यांचे तोंड बांधले होते. या भीतीपैकी एक भाग आपण, म्हणजे येथे बसलेल्या मंडळींनी, निर्माण केलेला आहे.

बंधुभगिनींनो, 2017च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते व त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कायदा इतका पुढे आला. ज्ञातीने मागे राहावे काय? अशा घरी समाचारास जाताना ‘का केले’ हे विचारू नये. ज्यांच्या मनात असे विचार येत असतील त्यांनी व त्यांच्या आप्तांनी शासनाच्या टेलि-मानस सेवेस 14416 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जे विषाविषयी, तेच मद्याविषयी व गुपचूप घेतलेल्या औषधांविषयी. डॉक्टरांपुढे अब्रू झाकली तर रोग उघडा पडत नाही.

उपचार

उपचाराचे पहिले सूत्र म्हणजे कारण दूर करणे. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवर एन-असिटिल-सिस्टीन हा उतारा आहे. तो शरीरास ग्लुटाथायोन बनविण्याचे साहित्य पुरवितो. पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ पूर्ण वाचते. उशिरानेही काही उपयोग होतो. म्हणून माणूस ठीक दिसतो यावर विसंबू नये. पिवळ्या फॉस्फरसवर खात्रीचा उतारा नाही. काही ठिकाणी रक्तातील द्रव बदलण्याची प्रक्रिया करतात. अशा रुग्णास बरा दिसत असतानाच मोठ्या रुग्णालयात पोहोचविणे हाच शहाणपणा. ‘ब’वर विषाणू आवरणारी औषधे आहेत, आणि ‘क’ तर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत समूळ बरा होतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे ‘ब’ व ‘क’ची तपासणी व औषधे विनामूल्य मिळण्याची सोय आहे.

‘अ’ व ‘इ’वर सामान्यतः खास औषध लागत नाही. विश्रांती, पुरेसे अन्न व पाणी, आणि मद्य व अनावश्यक औषधे वर्ज्य. हळद पिवळी म्हणून ती बंद करण्यात अर्थ नाही. उसाचा रस पौष्टिक खरा, पण रस्त्यावरच्या गुऱ्हाळातील बर्फ ज्या पाण्याचा असतो, त्याच पाण्याने बहुधा कावीळ आणलेली असते.

यकृत निकामी होऊ लागले तर रुग्णास अतिदक्षता विभागात ठेवतात. रक्तातील साखर सांभाळणे, मेंदूची सूज आवरणे, जंतुसंसर्ग रोखणे व मूत्रपिंडे जपणे, असा तो लढा असतो. हेतू हा, की उरलेल्या पेशींस पुन्हा वाढावयास अवधी मिळावा. ते होत नाही असे दिसले की यकृतरोपण हाच मार्ग उरतो. मानवात पहिले यकृतरोपण 1963 साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत केले. आपल्याकडे 1994 साली कायदा झाला व 1998 साली दिल्लीस पहिले यशस्वी रोपण झाले. मेंदूमृत व्यक्तीचे यकृत घेता येते, अथवा जिवंत आप्ताच्या यकृताचा एक भाग. दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत पुष्कळसे वाढून येते. ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दात्यासही तीत धोका असतो. म्हणून संमती खुषीची हवी. सुनेस वा धाकट्या भावास चार जणांत भरीस घालून दाता करणे हे दान नव्हे.

उपसंहार

आता आपण काय करावयाचे? नवजात बालकास 24 तासांच्या आत ‘ब’ची लस द्यावी. मंडळाच्या कार्यात व लग्नसमारंभात पिण्याचे पाणी उकळलेले अथवा खात्रीचे शुद्ध केलेले असावे. मांडवाच्या खर्चात हा खर्च चिमूटभर आहे. उंदरांची ती नळी घरात ठेवूच नये.

मंडळास आमची एक विनंती आहे. वार्षिक शिल्लकेतील काही रक्कम रुग्णसाहाय्यासाठी वेगळी काढावी, आणि दोन तरुण कार्यकर्ते असे नेमावेत की ज्यांस धर्मादाय रुग्णालयांतील निर्धनांच्या राखीव खाटा, मुख्यमंत्री साहाय्यता निधी व अवयवदानाची विभागीय समन्वय समिती यांची माहिती असेल. अडचणीच्या रात्री माणसास पैशाइतकीच कोणाचे दार ठोठवावे या ज्ञानाची गरज असते. त्या कार्यकर्त्यांनी घरातील गोष्ट घरातच ठेवण्याची शपथ घ्यावी. असा विश्वास वाटला तरच लोक वेळेवर बोलतील.

यकृत स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने रुग्णाने बोलावे, रुग्णास बोलवत नसेल तर आप्तांनी बोलावे, आणि ते निर्भयपणे बोलू शकतील असे वातावरण ज्ञातीने राखावे, एवढेच आमचे मागणे आहे.